पासवर्ड बरोबर, तरीही दार बंद!

महाबळेश्वर - पावसाळ्यात जवळजवळ मिटून गेलेले हे गाव सप्टेंबरअखेरीस पुन्हा जागे होऊ लागते. भिंतींवरची पावसाळी आच्छादने उतरतात, खोल्यांना हवा लागते, गावी गेलेले कर्मचारी परततात आणि हॉटेलांच्या स्वागतकक्षातील संगणक सुरू होतात. नेमके त्याच वेळी, पाहुणे सामान घेऊन काउंटरपुढे उभे असताना, पडद्यावर संदेश उमटतो : आपले खाते लॉक झाले आहे. संगणक सांभाळणारा माणूस साताऱ्यात किंवा पुण्यात असतो. तो फोन उचलेपर्यंत खोलीची नोंद होत नाही, बिल निघत नाही आणि काउंटरवरच्या मुलाला पाहुण्यांची बोलणी खावी लागतात. पतसंस्था, शाळा, सरकारी कचेऱ्या अशा सर्व्हरवर काम चालणाऱ्या कोणत्याही ठिकाणी हेच घडू शकते.

खाते लॉक होणे हा बहुतेक वेळा बिघाड नसतो. सर्व्हर आपले नेमून दिलेले काम करीत असतो. कोणी तरी एकामागून एक पासवर्ड लावून पाहत आहे एवढेच त्याला दिसते. तो खरा कर्मचारी की चोर, हे ओळखण्याचे साधन त्याच्यापाशी नाही. म्हणून ठराविक चुकांनंतर तो दार लावून घेतो. कार्यालयांतून सर्रास वापरल्या जाणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या अॅक्टिव्ह डिरेक्टरीत याचे नियम तीन आकड्यांनी ठरतात. किती चुकांनंतर लॉक करायचे, किती मिनिटे लॉक ठेवायचे आणि चुकांची मोजणी किती वेळाने पुन्हा शून्यावर आणायची, हे ते तीन आकडे. यात एक गंमत आहे. चुकांच्या मर्यादेत शून्य लिहिले, तर खाते कधीच लॉक होत नाही. कालावधीत शून्य लिहिले, तर मात्र कोणी हाताने उघडेपर्यंत ते बंदच राहते. दोन शून्यांचे अर्थ असे परस्परविरुद्ध असल्याने घाईत सेटिंग बदलणारे फसतात.

मर्यादा किती असावी? 'तीन चुका' हा आकडा लोकप्रिय आहे. रेड हॅट प्रकारच्या लिनक्सवर ही जबाबदारी सांभाळणाऱ्या फेललॉकचे मूळ सेटिंगही तीन चुका आणि दहा मिनिटे असेच आहे. परंतु माणसे काम करीत असलेल्या कार्यालयात तीन हा आकडा फारच कंजूष म्हणावा लागेल. मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत दहा चुका आणि दहा मिनिटे हे मूळ सेटिंग केले. अमेरिकेच्या 'निस्ट' या मानक संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत तर सलग शंभर चुकांपर्यंत मुभा दिली. हिशेब सोपा आहे. दहा मिनिटांत दहा प्रयत्न म्हणजे दिवसाला १,४४० प्रयत्न. हॉटेलचे नाव आणि १२३ असा पासवर्ड एवढ्यात सापडेलही. बऱ्यापैकी लांब पासवर्डापुढे मात्र ते काहीच नव्हे. उलट मर्यादा तीन ठेवली, की खोडसाळ माणसाला पासवर्ड माहीत असण्याचीही गरज उरत नाही. नुसती नावे ठाऊक असली, की तो साऱ्या कर्मचाऱ्यांची खाती बंद पाडू शकतो.

मराठीत काम करणाऱ्या कार्यालयांत एक कारण वारंवार आढळते आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत ते क्वचितच सापडते. आदल्या माणसाने मराठीत पत्र टंकित केलेले असते, कळफलक मराठीवरच राहिलेला असतो आणि पुढचा माणूस पासवर्ड टाकू लागतो. पडद्यावर केवळ ठिपके दिसतात. अक्षरे देवनागरी उमटत आहेत हे त्याच्या लक्षात येत नाही. तो तेच पुन्हा, अधिक जोराने, टंकित करतो. अशा वेळी नावाच्या चौकटीत एखादे अक्षर टाकून पाहिले, की उलगडा होतो. कॅप्स लॉक हा याचाच धाकटा भाऊ.

दुसरे कारण मुदतीचे. विंडोज सर्व्हरच्या डोमेनमध्ये पासवर्डची मूळ मुदत ४२ दिवस असते. जूनमध्ये गावी गेलेला कर्मचारी सप्टेंबरात परततो, तेव्हा त्याचा पासवर्ड केव्हाच कालबाह्य झालेला असतो. हे लॉक नव्हे, पण काउंटरवर दोन्ही सारखेच वाटते. म्हणून संदेश नीट वाचणे ही पहिली पायरी. मुदतीचा हा आग्रह आता जुना ठरत चालला आहे. निस्टने २०१७ मध्येच ठराविक काळाने पासवर्ड बदलायला लावू नये असे सुचविले आणि मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये आपल्या शिफारशींतून मुदतीची अट काढून टाकली. सहा आठवड्यांनी पासवर्ड बदलायला लावले, की माणसे शेवटचा आकडा एकाने वाढवितात, एवढेच होते.

सर्वांत चकविणारी लॉक मात्र माणसाने केलेलीच नसतात. सुटीवर असलेल्या माणसाचे खाते रात्री दोन वाजता लॉक होते, तेव्हा संशय यंत्रावर घ्यावा. जुना पासवर्ड कुठे तरी साठवलेला असतो : फोनमधील मेलमध्ये, कोपऱ्यातल्या दुसऱ्या संगणकावर किंवा रात्री बॅकअप घेणाऱ्या कामात. विंडोज सर्व्हर २००३ पासून डोमेनने येथे थोडी सवलत दिली आहे. पासवर्डांचा इतिहास ठेवलेला असेल, तर त्यातील शेवटच्या दोन नोंदींशी जुळणारा पासवर्ड चूक म्हणून मोजला जात नाही. त्याहून जुना मात्र मोजला जातो. म्हणूनच अनेकदा पासवर्ड बदलल्यावर लगेच नव्हे, तर काही महिन्यांनी हा त्रास सुरू होतो आणि कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

येथे पुनःपुन्हा खाते उघडत बसण्यात अर्थ नाही. डोमेन सांभाळणाऱ्या सर्व्हरच्या सुरक्षाविषयक नोंदवहीत ४७४० या क्रमांकाची नोंद शोधावी. ज्या संगणकावरून चुका झाल्या, त्याचे नाव बहुधा तीत असते. मग त्या संगणकावरील ४६२५ क्रमांकाच्या नोंदी पाहाव्यात. पासवर्ड चुकीचा होता, नावच अस्तित्वात नव्हते की मुदत संपली होती, हे त्या सांगतात. एकाच यंत्रावरून अनेक नावे लॉक होत असतील, तर ते यंत्र आधी नेटवर्कपासून तोडावे. नोव्हेंबर २००८ मध्ये आढळलेला कॉन्फिकर हा किडा जगभर पसरला, तेव्हा असेच झाले. सोपे पासवर्ड लावत तो शेजारच्या संगणकांत शिरू पाही आणि कर्मचाऱ्यांची खाती धडाधड लॉक होणे हे त्याच्या शिरकावाचे एक लक्षण ठरले.

महाबळेश्वरात आणखी एक कारण विचारात घ्यावे लागते, ते पावसाचे. वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडणाऱ्या या गावात २३ जुलै २०२१ रोजी सकाळी संपलेल्या २४ तासांत ५९४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. अशा दिवसांत वीज जाते, संगणक आठवडेच्या आठवडे बंद राहतात. मदरबोर्डावरील नाण्याएवढी बॅटरी त्यात संपली असेल, तर संगणक सुरू होताना काही वर्षे मागची तारीख दाखवितो. डोमेनमध्ये ओळख पटविणारी केरबेरॉस ही पद्धत मूळ सेटिंगनुसार केवळ पाच मिनिटांचा फरक चालवून घेते; त्यापुढे पासवर्ड अचूक असला, तरी ती नकार देते. फोनमधील अॅपवर दर ३० सेकंदांनी बदलणारा आकडाही घड्याळावरच अवलंबून असतो. तेव्हा बंद सर्व्हर सुरू केल्यावर पासवर्डाच्या मागे लागण्याआधी तारीख, वेळ आणि वेळेचा विभाग पाहावा. देशाची प्रमाणवेळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत सांभाळली जाते आणि तिच्या सर्व्हरशी घड्याळ जोडता येते.

एवढे सारे झाल्यावर वैतागून काढली जाणारी पळवाट सर्वांच्या परिचयाची आहे. लॉकचे सेटिंगच बंद करायचे आणि काउंटरवर सर्वांसाठी एकच नाव, एकच पासवर्ड ठेवायचा. तोही पडद्याच्या कडेला चिकटवून. काम खरोखर सुरळीत चालते. मग एके दिवशी गल्ल्यात तूट येते, बिलात परस्पर सूट दिलेली आढळते आणि नोंदीत नाव एकच असते. त्या पाळीत असलेल्या प्रत्येकावर संशय जातो. ज्याने काहीच केले नाही, त्यालाही आपले निर्दोषत्व दाखविता येत नाही. स्वतंत्र खाते मालकापेक्षा काउंटरवरच्या माणसाचेच अधिक रक्षण करते, हे त्याला कोणी सांगत नाही.

त्याऐवजी मर्यादा दहावर न्यावी आणि लॉक दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप उघडू द्यावे. बॅकअपसारख्या कामांना माणसांपासून वेगळे खाते द्यावे. सर्व्हरच्या प्रमुखाचे एक राखीव खाते, लांब पासवर्डासह, बंद पाकिटात मालकाच्या कपाटात असावे. घाट बंद असला आणि फोन लागत नसला, तर तेच कामी येते. नोंदवहीही लवकर पुसली जाऊ देऊ नये. 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्या आणि सरकारी संस्थांना अशा नोंदी १८० दिवस जपून ठेवण्यास सांगितले आहे. जूनमध्ये काय झाले, ते दिवाळीत पाहायला एवढा काळ पुरतो.