करवतीमागील मेज

सुतारकाम हा धंदा जितका जुना तितकाच मानाचा आहे. आपल्या प्रभूनेंहि नासरेथ गांवीं हाच धंदा केला, असें मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायावरून दिसतें. त्या काळीं जी लांब फळी चिरतांना हातास घट्टे पडत, ती आज विजेच्या करवतीवर पाहतां पाहतां चिरून होते. अशीं लहान यंत्रें आतां हौशी गृहस्थांच्या घरींहि येऊं लागलीं आहेत. परंतु त्या यंत्रामागें जें एक साधें मेज असावें लागतें, तें बहुधा यंत्राबरोबर मिळत नाहीं. तें आपलें आपणच करावें लागतें. तें कां हवें व कसें करावें, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

ह्या यंत्रास ‘टेबल-सॉ’ असें म्हणतात. लोखंडी मेजाच्या मधोमध एक फट असते व तींतून दातेरी, वाटोळें पातें वर आलेलें असतें. यंत्र जागच्या जागीं राहतें. फळी मात्र हातानें पुढें ढकलावयाची असते. पातें सामान्यतः १० इंच व्यासाचें असून तें मिनिटास सुमारें ४,००० फेरे घेतें. विद्यार्थ्यांनीं गणित करून पाहावें, म्हणजे त्याच्या दातांचा वेग तासास सुमारें १९० किलोमीटर भरतो असें त्यांस दिसून येईल.

आतां, ह्या कामांत धोका केव्हां अधिक असतो? पुष्कळांस वाटतें कीं, कापण्यास आरंभ करतांना. परंतु शेवटचा हातभर भाग कापतांनाहि मोठी सावधगिरी लागते. फळी जसजशी पुढें सरकते, तसतसें तिचें पलीकडचें टोंक अधांतरीं जातें. तिचा गुरुत्वमध्य यंत्राच्या मागील कडेपलीकडे गेला, कीं ती तराजूच्या दांडीप्रमाणें कलूं लागते; पलीकडचें टोंक खालीं जातें आणि अलीकडचें वर उचललें जातें. अशा वेळीं मनुष्य न कळत दोहोंपैकीं एक गोष्ट करतो. तो अलीकडचें टोंक सर्व बळानें खालीं दाबतो, किंवा फिरत्या पात्यावरून वांकून पलीकडचें टोंक धरूं पाहतो. दोन्ही गोष्टी सारख्याच घातक होत. शिवाय पात्याच्या मागील अंगाचे दांते खालून वर येत असतात. तिरपी झालेली फळी त्यांत सांपडली, तर ते ती उचलून कामकऱ्याच्या अंगावर फेंकतात.

अमेरिकेंत २०१५ सालीं ह्या यंत्राचें पातें लागून जखमी झालेले तीस हजारांहून अधिक लोक इस्पितळांच्या तातडीच्या विभागांत आले, असा तेथील ग्राहकसुरक्षा आयोगाचा अंदाज आहे. हे सर्व अपघात एकाच कारणानें झाले असें नव्हे. तथापि फळीस मागें आधार असला, म्हणजे तिला सांवरण्यासाठीं पात्याकडे हात नेण्याचें एक कारण तरी नाहींसें होतें.

मेजाचीं मापें ठरवितांना आपण सर्वांत मोठें काम ध्यानांत धरावें. प्लायवुडचा पुरा तक्ता ८ फूट लांब व ४ फूट रुंद असतो, आणि १८ मिलिमीटर जाडीच्या तक्त्याचें वजन सुमारें ३० किलो भरतें. तो लांबीकडून चिरून झाला, म्हणजे त्याचा मध्य पात्यापलीकडे ४ फुटांवर जातो. पात्यामागें यंत्राचें स्वतःचें मेज बहुधा फुटाहून कमीच असतें. तेव्हां आपल्या मेजाची लांबी ३ फुटांहून अधिक, म्हणजे साडेतीन ते चार फूट असावी. रुंदी निदान यंत्राच्या मेजाइतकी ठेवावी.

उंचीचें माप फार जपून घ्यावें. आपलें मेज यंत्राच्या मेजाहून अर्धें सूत खालीं असावें. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हें सुतारांच्या मुलांस सांगावयास नको. मेज केसभर जरी वर राहिलें, तरी फळी त्याच्या कडेवर अडते. फार खालीं गेलें, तर आधाराचा उपयोग उरत नाहीं. यंत्राकडील कड रंध्यानें थोडी उतरती करावी, म्हणजे लवलेली फळीहि अलगद वर चढते.

वरच्या भागासाठीं अखंड लांकडाची फळी घेऊं नये. चांगला वाळलेला सागहि पावसाळ्यांत रुंदीकडून थोडा फुगतो, आणि मग घेतलेलें माप राहत नाहीं. प्लायवुडच्या थरांचे तंतू एकमेकांस आडवे असल्यामुळें तें फारसें फुगत नाहीं. १२ मिलिमीटर जाडीचे दोन थर घ्यावे. खालचा अखंड ठेवावा; वरचा तीन तुकड्यांचा करून त्यांमध्यें एक-एक इंचाचें अंतर सोडावें. हीं अंतरें यंत्राच्या मेजांतील दोन खोबणींच्या अगदीं समोर आलीं पाहिजेत, म्हणजे आडवें कापण्याची सरकपट्टी तेथपर्यंत विनाअडथळा येते. अशा रीतीनें पटाशी न लावतां खोबणी तयार होतात. वर सनमायका लावल्यास खालींहि लावावा. एकाच बाजूस लावल्यानें तक्ता वांकतो.

खालची चौकट वाळलेल्या साग किंवा ऐनाच्या सरळ रिपांची करावी व तिचे कोन गुण्यानें तपासावे. चारी पायांच्या तळाशीं एक-एक बोल्ट बसवावा. आपल्याकडील शहाबादी फरशी क्वचितच सपाट असते; बोल्ट फिरवून पाय वरखालीं करतां येतात व पाणसळ लावून मेज समतल करतां येतें. जागा लहान असेल, तर मेज बिजागऱ्यांवर यंत्रास जोडून एरवीं खालीं दुमडून ठेवावें.

कित्येक जण मेजाऐवजीं एखादा फिरता रूळ उभा करतात. परंतु तो जराहि तिरपा राहिला तर फळीस एका बाजूस ओढतो. सपाट मेज असें करीत नाहीं.

मेज तयार झाल्यावर परीक्षा अवश्य घ्यावी. वीज तोडून व पातें पूर्णपणें खालीं उतरवून एक लांब फळी हातानें यंत्रावरून मेजावर सरकवावी. ती कोठें अडली, आदळली किंवा कलली, तर आधीं तो दोष काढावा. पुढें मेजावर हत्यारें, चहाचा पेला वा लांकडाचे तुकडे ठेवूं नयेत. आधाराची जागा नेहमीं मोकळी असावी.

विद्यार्थ्यांनीं हें यंत्र स्वतः चालवूं नये. परंतु हें मेज हातकरवत, रंधा, गुण्या व स्क्रू-ड्रायव्हर एवढ्या हत्यारांनीं होण्यासारखें आहे. यंत्रास वीज जोडण्यापूर्वींच तें पुरें होऊं शकतें. वडिलांनीं व मुलांनीं सुटीच्या दिवशीं मिळून करावें, असें हें काम आहे. बुरूज बांधूं इच्छिणारानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, असें प्रभूनें शिकविलें. फळी पात्यापलीकडे गेल्यावर कोठें टेकणार, हा हिशेबहि तसाच आधीं करावयाचा असतो. यास्तव ज्याच्या घरीं करवत येणार असेल, त्यानें मेज आधीं करावें आणि करवत मागून चालवावी.