चोडण बेटावरील पाखरांची शिरगणती

नाताळचा सण आणि पाखरांची शिरगणती यांचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांना पडणे साहजिक आहे. परंतु संबंध आहे, आणि तो मोठा विलक्षण आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात नाताळच्या दिवशी शिकारीची एक चढाओढ चालत असे. गावातील पुरुषांनी दोन पक्ष पाडावे, बंदुका घेऊन रानात शिरावे, आणि सायंकाळी ज्या पक्षापुढे मेलेल्या पशुपक्ष्यांची रास मोठी, त्याची सरशी मानावी! बालयेशूच्या जन्मदिनी हा असला उत्सव. १९०० सालच्या नाताळात फ्रँक चॅपमन नावाच्या पक्षीशास्त्रज्ञाने सुचविले, की रानात अवश्य जावे, चढाओढही खुशाल करावी, मात्र पाखरे मारण्याऐवजी मोजावी. त्या पहिल्या वर्षी २५ ठिकाणी मिळून अवघी २७ माणसे मोजावयास निघाली आणि सुमारे ९० जातींची नोंद झाली. ही नाताळची गणना तेव्हापासून आजतागायत दरसाल होत आली आहे.

आपल्या देशातील पक्षीविद्येचे भीष्माचार्य डॉ. सालिम अली यांच्या चरित्रातही आरंभी बंदूकच आहे. १९०८ च्या सुमारास मुंबईत लहानग्या सालिमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारण्यासाठी मामांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले, आणि तेथील मिलार्ड साहेबांनी त्या पोरापुढे भुसा भरलेल्या पाखरांचे कपाटच उघडले. पुढे १९८५ साली त्यांनी आत्मवृत्त लिहिले, त्याला नाव दिले ‘द फॉल ऑफ अ स्पॅरो’, म्हणजे ‘एका चिमणीचे पडणे’. हे नाव वाचून आपणा ख्रिस्ती मंडळींना मत्तयच्या शुभवर्तमानातील चिमण्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. सालिम अली १९८७ साली निवर्तले. दुसऱ्याच वर्षी गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला १७८ हेक्टरांचे कांदळवन पक्ष्यांसाठी राखून त्याला त्यांचे नाव देण्यात आले.

गेल्या जानेवारीत तेथील गणनेस जाण्याचा योग मला आला. जानेवारी महिन्यात साऱ्या आशिया खंडात पाणपक्ष्यांची मोजदाद होत असते. १९८७ साली भारतीय उपखंडात तिचा प्रारंभ झाला. चोडणविषयी मला पहिल्यापासून थोडी आपुलकी आहे. आमच्या घाटमाथ्यावर, खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात जी म्हादई उगम पावते, तीच खाली गोव्यात उतरून मांडवी होते. म्हणजे बेटाभोवतीचे पाणी आमच्याकडूनच गेलेले. आदल्या रात्री एका स्नेही धर्मगुरूंकडे मुक्काम केला, पहाटे त्यांच्याच मंदिरात मिस्सा अर्पण केला, आणि उजाडण्यापूर्वी रायबंदरच्या धक्क्यावर हजर झालो. गळ्यात कॅमेरा होता. आखातात नोकरीस असलेल्या पुतण्याने तो मला भेट दिला होता, आणि त्याची लांब दुर्बिणीसारखी भिंग-नळी पाहून फेरीबोटीवरील मासळीवाल्या बाया गालात हसत होत्या. त्या उपकरणाचा मला अभिमान वाटत होता, हे कबूल केले पाहिजे.

आमची तुकडी चार जणांची होती. प्रमुख होते एक निवृत्त शाळामास्तर. त्यांच्यासमवेत कॉलेजात शिकणारा एक मुलगा, तिसरा होडीवाला, आणि चौथा मी. वनखात्याची परवानगी मास्तरांनी आधीच काढून ठेवली होती. होडी खाडीच्या फाट्यात शिरताच दोन्ही अंगांनी तिवरांची झाडी जवळ आली. चिखलातून वर निघालेली त्यांची श्वासमुळे पेन्सिली रोवाव्या तशी दिसत होती. चिखलावर निवट्या टुणटुण उड्या मारीत होत्या, तांबड्या नांगीचे खेकडे बिळाच्या तोंडाशी बसून कोणाला तरी बोलाविल्यासारखे हात हलवीत होते. या चिखलावरच हिवाळी पाहुण्यांचा सारा संसार चालतो. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा पाखरे सर्वत्र पांगून चरतात. भरतीला पाणी चढले, की ती एखाद्या उंच पट्टीवर दाटीने विसाव्यास बसतात. मोजणाऱ्याला म्हणून भरतीओहोटीचे कोष्टक होकायंत्राइतकेच जपावे लागते.

मास्तरांचा दंडक एकच होता: पाहिले तेवढेच लिहावयाचे. जात ओळखली, संख्या मोजली, वेळ नोंदली, की वहीत टीप. एरवी एक शब्द नाही. आवाज ऐकून ओळखलेले पाखरू वेगळ्या खुणेने. आणि जेथे शंका असेल तेथे छायाचित्र. छायाचित्र काढावयाचे ते भिंतीवर लावण्यासाठी नव्हे, तर घरी बसून आपलीच नजर पुन्हा तपासता यावी म्हणून. आता या याद्या संगणकावर पाठविल्या जातात, आणि दुर्मिळ पाखराचे नाव दिसले, की तेथील परीक्षक पुरावा मागतो. न्यायालयात साक्षीदाराला उलटतपासणी असते, तशातलाच हा प्रकार.

पहिलाच खटला एका पांढऱ्या बगळ्याचा निघाला. समुद्रकाठी आढळणारा एक बगळा आहे. त्याचे एक रूप पाटीसारखे काळसर, गळा तेवढा पांढरा. ते ओळखावयास सोपे. परंतु त्याचेच दुसरे रूप आपादमस्तक पांढरे असते, आणि ते आपल्या शेतातील लहान बगळ्याशी इतके मिळतेजुळते, की जाणकारही थबकतात. लहान बगळ्याची चोच काळी व सडपातळ. समुद्री बगळ्याची अधिक जाड, किंचित खाली वाकलेली आणि पिवळट तपकिरी. काही पाखरे तर दोहोंच्या मधली दिसतात. आमचा बगळा तिवराच्या सावलीत उभा होता. मुलाने तीन छायाचित्रे काढली. पडद्यावर मोठी करून पाहिली, तर चोचीवर नेमकी सावली.

मी म्हणालो, “मास्तर, हा समुद्री बगळाच. उभा राहण्याची ढब पाहा ना. लिहा, एक जात वाढेल.”

मास्तर शांतपणे म्हणाले, “फादर, तुमची खात्री झाली असेल. माझी झालेली नाही. आणि यादीखाली सही माझी असते.”

वहीत त्यांनी लिहिले: पांढरा बगळा, जात अनिश्चित, १. मला ते थोडे कद्रूपणाचे वाटले. इतक्या दुरून आलो, आणि एवढी एक जात पदरात पडू नये!

त्यानंतर जे घडले, ते सांगण्यास मला संकोच वाटतो. फाट्याच्या एका वळणावर, वाकलेल्या फांदीवर, काळ्या टोपीचा खंड्या बसलेला दिसला. गावच्या ओढ्यावरील खंड्या आपण सर्वांनी पाहिलेला असतो. पण या पाखराची पाठ गर्द जांभळट निळी, डोके काळेभोर, गळ्याला पांढरा पट्टा, पोट नारिंगी आणि चोच प्रवाळासारखी लाल. मी वर्षानुवर्षे याची चित्रेच पाहत आलो होतो. वळणापलीकडे चिखलाच्या पट्टीवर लहान चिखल्या पक्ष्यांचा थवा भरतीमुळे दाटून बसला होता आणि मास्तर डोळ्याला दुर्बीण लावून पुटपुटत मोजत होते. थवा मोजण्याची रीत अशी: आधी दहा पाखरे नीट मोजावी, त्या दहांनी किती जागा व्यापली ते नजरेत ठसवावे, आणि तेच माप पुढे टाकीत जावे. माझे तिकडे लक्ष नव्हते. मी होडीवाल्याच्या कानाशी वाकून म्हटले, “बाबा, जरा पुढे घे. अजून थोडे.” तो घुटमळला. त्याने मास्तरांकडे पाहिले. पण धर्मगुरूचा शब्द मोडणे बिचाऱ्याला जड गेले असावे. त्याने वल्हे मारले, वल्हे होडीच्या काठावर आपटले, आणि खंड्या किंचाळत उडाला. त्यासरशी पट्टीवरचा अख्खा थवा उठला, सूर्याकडे वळला, एकदा रुपेरी आणि एकदा करडा दिसला, आणि नदीपार निघून गेला.

मास्तरांनी दुर्बीण खाली घेतली. “नव्वदपर्यंत आलो होतो,” इतकेच ते म्हणाले.

ही पाखरे तिबेटसारख्या हिमालयापलीकडील उंच पठारांवर अंडी घालतात आणि हिवाळ्यात आपल्या किनाऱ्याला येतात. वसंतात परतण्यापूर्वी अंगावर चरबी साठवणे हा त्यांचा जगण्या-मरण्याचा प्रश्न असतो. भरतीचा तो तास-दोन तासांचा विसावा मोडला, की साठविलेले विनाकारण खर्च होते. मी बंदूक उचलली नव्हती, एवढेच. होडीवाल्याची मी क्षमा मागितली, मास्तरांचीही. मास्तर म्हणाले, “पहिल्या वर्षी मीही हेच केले होते, फादर.” खरे की माझ्या समाधानासाठी, कोण जाणे.

दुपारी आम्ही बांधावर उतरलो. चोडणची खाजने कशी असतात, हे घाटावरील वाचकांसाठी सांगावयास हवे. नदीच्या खाऱ्या पाण्यापासून शेत राखण्यासाठी पूर्वजांनी मातीचे बांध घातले आणि बांधात लाकडी झडपेचे दार बसविले. त्याला मानस म्हणतात. भरतीच्या दाबाने ते आपोआप मिटते, ओहोटीला आपोआप उघडते. पावसाळ्यात आत गोड पाण्यावर भात पिकते. पुढे त्याच जागी मासळी. मानशीतून पाणी उतरले, की उघड्या चिखलावर पाखरे जमतात. माणसाने भातासाठी रचलेल्या यंत्रावर पाखरांचेही पोट भरते, ही गोष्ट मला फार रम्य वाटली. मात्र बांधाची डागडुजी हे गावाने मिळून करावयाचे काम, आणि कित्येक ठिकाणी ते थांबले आहे. एकदा बांध फुटला, की खारे पाणी शेतात शिरते आणि दोन-चार वर्षांत तेथे तिवरे उगवतात. आणि तिवरांना कायद्याचे संरक्षण असल्याने मग शेतकऱ्याला ती तोडताही येत नाहीत.

बांधालगतच्या घरातून एक वृद्ध बाई आमच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. आम्ही काय करतो आहोत, हे ऐकून त्या म्हणाल्या, “पाखरे मोजता ते बरे करता, फादर. पण बुडालेली शेते कोण मोजतो?” मास्तरांनी वही मिटली आणि बाईंनी बोट दाखविले तिकडे पाहत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा वही उघडली आणि शेऱ्याच्या रकान्यात फुटलेल्या बांधाची जागा टिपून घेतली. तेवढ्याने बाईंचे शेत परत मिळणार नव्हते, हे आम्हा सर्वांना, बाईंनाही, ठाऊक होते. तथापि दहा-वीस वर्षांच्या याद्या पुढ्यात ठेवल्या, म्हणजे कोणत्या साली कोठे पाणी वाढले आणि कोठून पाखरे उठली, याचा उलगडा होतो. आणि शेताची कैफियत मांडणाऱ्यालाही तो कागद उपयोगी पडू शकतो.

सायंकाळी मास्तरांच्या व्हरांड्यात चहा घेत आम्ही छायाचित्रे पाहू लागलो. माझ्या कॅमेऱ्यात खंड्याची अकरा चित्रे होती; दोन खरोखर सुंदर, बाकी नुसती निळी रेघ. गणनेला त्यांचा उपयोग एवढाच, की खंड्या, १. मग त्या मुलाने संकोचत आपले एक चित्र पुढे केले. होडी वळणावर येताच, मी ‘पुढे घे’ म्हणण्याच्याही आधी, त्याने दुरूनच साऱ्या पट्टीचे एक छायाचित्र घेऊन ठेवले होते. थवा दिसला, की आधी सगळ्यांचा एक फोटो, मग बाकीचे, ही मास्तरांची शिकवण. चित्र पाहण्यासारखे मुळीच नव्हते: करडा चिखल, त्यावर तांदळाचे दाणे सांडावे तसे ठिपके. पण प्रत्येक दाणा मोजता येत होता. मास्तरांनी पडद्यावर आडव्या-उभ्या रेघा पाडल्या आणि आम्ही चौकोन वाटून घेतले. पहिल्या खेपेस तिघांचे तीन आकडे आले. दुसऱ्या खेपेस मास्तरांचा आणि मुलाचा आकडा जुळला: २१७. माझे २१५ भरले; दोन कोठे निसटली ते मुलाने मला दाखविले. एका चिखल्याच्या मागे दुसरा उभा होता, त्याचे केवळ पाय दिसत होते. इतक्या दुरून पोटजात सांगता येणे शक्य नव्हते, म्हणून तेथेही ‘अनिश्चित’ हाच शब्द पडला. बगळ्याच्या वेळी तो शब्द मला जसा खटकला होता, तसा या वेळी खटकला नाही.

परत आल्यावर मी त्या ठिपक्यांच्या चित्राची प्रत मागवून घेतली आणि धर्मशिक्षणाच्या वर्गात मुलांपुढे ठेवली. सारा तास मोजण्यातच गेला. त्या दिवशीचा धडा राहिला तो राहिलाच. फेब्रुवारीत चार दिवस घरोघरच्या पाखरांची जी गणना असते, तीत कोणालाही भाग घेता येतो. १९९८ साली ती अमेरिकेत सुरू झाली, आणि २०१३ पासून आपल्या देशातही होत आहे. परसात किंवा तळ्यावर किमान पंधरा मिनिटे बसावे, दिसेल ते लिहावे. कॅमेरा नसला तरी अडत नाही. कावळा आणि साळुंकी ओळखता आली तरी आरंभ होतो. आमच्या मुलांनी गावच्या तळ्यावर जाऊन यादी केली. मोठ्या अक्षरांत लिहिलेली ती यादी सध्या मिशनच्या व्हरांड्यात लावलेली आहे. वरून खाली सतरा नावे आहेत. अठरावे नाव ‘घुबड’ असे होते. ते पाहिल्याचे एकट्या एका मुलानेच सांगितले होते, आणि दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच येऊन त्यावर रेघ मारली.