झुंजार माशाचे शेजारी

आमच्या विज्ञानशाळेंतील कांचेच्या पेटीपुढें उभे राहून विद्यार्थी एक प्रश्न वारंवार विचारतात: "सर, यांत फायटर सोडला तर काय होईल?" बाजारांत लहानशा बाटलींत एकटाच ठेविलेला, निळ्या अथवा तांबड्या रंगाचा, लांब झुलत्या परांचा हा मासा पाहिला म्हणजे मनांत दोन ग्रह होतात. त्यास एवढेंसें पाणी पुरतें, हा एक. आणि जो प्राणी समोर येईल त्याचा तो जीव घेतो, हा दुसरा. दोन्ही ग्रह बव्हंशीं चुकीचे आहेत, आणि त्यांच्यापायीं पुष्कळ मासे हकनाक मरतात. म्हणून या विषयाचा थोडा विस्तारानें विचार करूं.

हा मासा मूळचा सयामचा, म्हणजे आजच्या थायलंडचा व त्याच्या लगतच्या मुलखाचा. थाई भाषेंत त्यास 'प्ला कट', म्हणजे चावरा मासा, असें म्हणतात. ब्रिटिश म्यूझियममधील मत्स्यशास्त्रज्ञ चार्ल्स टेट रीगन यांनीं १९१० सालीं त्यास 'बेटा स्प्लेंडेन्स' हें शास्त्रीय नांव दिलें, आणि २०१९ सालीं थायलंडच्या सरकारनें त्यास राष्ट्रीय जलचराचा मान दिला. भातखाचरें, दलदली व गवतानें भरलेलीं उथळ डबकीं हें त्याचें घर. पावसाळ्यांत कोंकणांतील खाचर ज्यानें पाहिलें असेल त्यास या घराची कल्पना सहज येईल. अशा संथ व उष्ण पाण्यांत प्राणवायु थोडा असतो. परंतु या माशाच्या डोक्यांत, कल्ल्यांच्या वरच्या बाजूस, रक्तवाहिन्यांनीं भरलेलें एक घडीदार इंद्रिय असतें. त्याच्या योगानें तो पृष्ठभागावर येऊन हवेचा घोट घेतो व तीवर श्वसन करतो. दुकानांतील बाटलींत तो तग धरतो तो या इंद्रियाच्या बळावर. बाटली त्यास मानवते म्हणून नव्हे. हवेचा प्रश्न सुटला तरी मळाचा सुटत नाहीं; माशाच्या मलमूत्रांतून निघणारा अमोनिया थोड्या पाण्यांत लवकर सांचतो व कल्ले जाळतो.

आतां त्याच्या रागाविषयीं. नर पृष्ठभागावर बुडबुड्यांचें घरटें बांधतो, मादीनें टाकलेलीं अंडीं तोंडानें उचलून त्यांत ठेवतो, आणि पिलें मोकळीं पोहूं लागेपर्यंत एकटा पहारा करतो. (बापाच्या कर्तव्याचा हा नमुना मत्स्यजातींत वाटतो तितका दुर्मिळ नाहीं.) घरट्यापाशीं दुसरा नर आला कीं तो कल्ल्यांचीं झांकणें फुलवून व पर पसरून त्याच्यावर धांवतो. मोकळ्या डबक्यांत हरलेला नर पळून जातो. चार कांचांच्या आंत पळण्यास जागा नसते, म्हणून तेथें एकाचा प्राण जातो. त्यांतच मनुष्यानें पिढ्यान् पिढ्या, पैजांच्या झुंजीकरितां, अधिक भांडखोर नर निवडून वाढविले. तथापि हा राग प्रत्येक माशावर नसतो. तो प्रतिस्पर्ध्यावर असतो. आरशांत स्वतःचें रूप दिसलें तरी तो त्याच आवेशानें फुलतो. तेव्हां शेजारी निवडतांना पाहावयाचें तें इतकेंच कीं, या माशास तो आपल्यासारखा दिसेल काय?

या कसोटीवर आपल्या परिचयाचा गप्पी नापास होतो. डांसांच्या अळ्या खाण्यासाठीं हौदांत सोडतात तोच हा मासा. त्याच्या नराची रंगीत पंख्यासारखी शेपटी पाहून झुंजार मासा पुष्कळदां त्यास आपला वैरी समजतो. गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांतील लहान गोरामी तर त्याच्याच कुळांतला, तसाच हवा पिणारा व तसेंच घरटें बांधणारा. भाऊबंदकीचा अनुभव येथेंहि येतो! आणि दोन झुंजार नर एका पेटींत कधींच ठेवूं नयेत.

उलट बाजूचा धोका मात्र फारसा कोणी लक्षांत घेत नाहीं. लांब परांचें ओझें वाहणारा हा मासा फार मंद पोहतो. सुमात्रा बेटाकडील पट्टेदार टायगर बार्ब त्याचे पर कुरतडून त्याच्या चिंध्या करतो. आपल्या देशांतील झेब्रा मासा, ज्याचें वर्णन फ्रान्सिस हॅमिल्टन यांनीं १८२२ सालीं केलें, तो तितका दुष्ट नाहीं. परंतु त्याच्या अखंड धांवपळीनें झुंजार मासा त्रासतो, व अन्न त्याच्यापर्यंत पोहोंचण्यापूर्वींच संपतें. एकंदर पाहतां या पेटींत मार खाणारा बहुधा फायटरच असतो असें माझें मत आहे. सोनेरी मासा थंड पाण्यांतला व फार मळ करणारा. त्याची सोबत नकोच.

मग ठेवावें कोणास? मलाया व सुमात्रा येथील, अंगावर काळा त्रिकोण असलेले हार्लेक्विन रासबोरा सहा-आठांच्या थव्यानें ठेवावे. ते मधल्या थरांत शांतपणें हिंडतात. तळाशीं दक्षिण अमेरिकेंतील कोरिडोरस ठेवावे. तेहि सहाच्या संख्येनें व बारीक वाळूवर असावे, कारण ते मिशांनीं तळ चाचपून अन्न शोधतात. गंमत अशी कीं तेहि मधून मधून वर येऊन हवा गिळतात, पण ती शोषून घेतात आंतड्यानें. गोगलगायी बहुधा सुरक्षित राहातात. लहान कोळंबी मात्र एखादे दिवशीं भक्ष्य होते.

अशा कुटुंबास साठ लिटर पाणी तरी पाहिजे. हायड्रिला व व्हॅलिस्नेरिया दाट लावावीं, म्हणजे एकाची दृष्टि दुसऱ्यावर सतत पडत नाहीं. पाणी २४ ते २८ अंश सेंटिग्रेड असावें. मुंबईस याची चिंता थोडी. परंतु पुणें-नाशिककडे हिंवाळ्याच्या रात्रीं तें पुष्कळ खालीं उतरतें, तेव्हां उष्णता देणारें विजेचें उपकरण लागतें. पेटीवर झांकण हवें, कारण हा मासा उड्या मारतो. पण पाणी व झांकण यांमध्यें हवेसाठीं दोन-तीन इंच जागा सोडावी. नव्या पेटींत मळ पचविणारे सूक्ष्म जंतु वाढण्यास चार ते सहा आठवडे लागतात. तोंपर्यंत घाई करूं नये.

आधीं इतर मासे सोडावे, आणि झुंजार मासा सर्वांच्या शेवटीं. म्हणजे सारी पेटी आपलीच, असें त्यास वाटत नाहीं. पहिले कांहीं दिवस खाणें टाकतांना बारकाईनें पाहावें. एखादे वेळीं तो फुलला तर भिण्याचें कारण नाहीं. दिवसभर पाठलाग चालला, कोणाचे पर फाटले, किंवा तो स्वतः रंग उतरून कोपऱ्यांत दडून बसला, तर त्याच दिवशीं त्यास वेगळें करावें. त्यासाठीं पंधरा-वीस लिटरचें दुसरें भांडें आधींच तयार असावें. दोन नरांचा स्वभाव सारखा नसतो. एक वर्षानुवर्षें थव्यांत सुखानें राहातो, तर दुसऱ्यास कोणीच खपत नाहीं. तशा माशास त्या दुसऱ्या भांड्यांतच कायमचें ठेवावें.