आधी क्रँक, मग ब्लॉक

लेखमाला ‘टू-स्ट्रोकच्या पोटात’ : भाग ६

स्कूटरचं इंजिन तगडं करायचं म्हटलं की बोलणं सुरू होतं ब्लॉकपासून. किती सीसीचा घ्यायचा, इटलीचा मागवायचा का, लोखंडी की अॅल्युमिनियमचा. क्रँकचा विषय निघतो तो ब्लॉकचं खोकं घरी येऊन पडल्यावर. माझ्या मते हा क्रम उलटा हवा. ब्लॉक वरून निघतो: हेड सोडलं, ब्लॉक ओढला, संध्याकाळपर्यंत गाडी पुन्हा चालू. क्रँकसाठी मात्र इंजिन उतरवायचं, क्लच आणि फ्लायव्हील काढायचं, केसिंगचे दोन भाग सोडवायचे, आणि एवढं उघडलंच आहे तर बेअरिंग, ऑइल सील नवे घालायचे. तेव्हा पहिला प्रश्न एकच: या खेपेला केसिंग उघडणार आहात का? नसाल, तर मूळ क्रँकला झेपेल असाच ब्लॉक निवडायचा आणि बाकी स्वप्नं पुढच्या ओव्हरहॉलिंगपर्यंत बाजूला ठेवायची.

चेतकचंच उदाहरण घेऊ. पियाजिओबरोबरचा परवाना करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ मध्ये बजाजने स्वतःच्या नावाने चेतक आणली, पण इंजिनाचा वंश वेस्पाचाच राहिला. बोअर ५७ मिलिमीटर, स्ट्रोक ५७ मिलिमीटर, क्षमता १४५.४५ सीसी. एलएमएल वेस्पाच्या १५०चा बोअर ५७.८, स्ट्रोक तोच. पियाजिओची पीएक्स मालिका पाहा: १२५ला बोअर ५२.५, १५०ला ५७.८, २००ला ६६.५, स्ट्रोक तिन्हींचा ५७. म्हणजे क्षमता वाढवायची तेव्हा कारखान्यानेसुद्धा बोअर बदलला, स्ट्रोकला हात लावला नाही.

हे कंजुषीने झालं असं समजू नका. हिशेब करून बघा. बोअर ५७चा ६३ केला तर पिस्टनच्या माथ्याचं क्षेत्रफळ सुमारे २२ टक्क्यांनी वाढतं आणि १४५चे १७७ सीसी होतात. पोलिनी, डीआर, पिनास्को यांची १७७ची किट याच ६३च्या बोअरवर उभी आहेत. आता त्यावर ६० मिलिमीटर स्ट्रोकचा क्रँक घाला: १८७ सीसी. भर किती पडली? जेमतेम ५ टक्के. आणि त्या ५ टक्क्यांसाठी केसिंग उघडायचं, नवा क्रँक विकत घ्यायचा, सगळं टायमिंग नव्याने बसवायचं. लाँग स्ट्रोक वाईट नाही. तळातला जोर त्याने वाढतो, घाटात तिसऱ्या गिअरवर गाडी दमत नाही. पण मूळ क्रँक चांगल्या स्थितीत असेल तर निव्वळ सीसीसाठी तो बदलणं मला पटत नाही.

‘चांगल्या स्थितीत’ हे शब्द मात्र मोजून खात्री करण्याचे आहेत. हा क्रँक दोन चकत्यांमध्ये पिन दाबून जोडलेला असतो, अखंड नसतो. वीस-पंचवीस वर्षं चाललेल्या गाडीत बिग एंडला खेळ आलेला असतो. कनेक्टिंग रॉड धरून वर-खाली हलवा. जरा जरी टकटक जाणवली तरी त्यावर मोठा ब्लॉक चढवू नका. बाजूला थोडा सरकला तर चालतं, तेवढी मोकळीक लागतेच. नवं रॉड किट बसवून घेतलं तर क्रँक डायल गेजवर फिरवून दाखवायला सांगा. दोन्ही टोकं एका रेषेत हवीत, फरक मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांच्या आत. ‘होऊन जाईल साहेब’ हे माप नव्हे. शिवाय मोठ्या ब्लॉकच्या जोराने दाबून बसवलेली पिन जागेवर फिरू शकते, आणि मग दोन्ही चकत्या एकमेकींशी तिरक्या होतात. म्हणून जोरकस इंजिनांसाठी पिन वेल्ड केलेला क्रँक घेतात.

आता या इंजिनाची खरी गोम. वेस्पाच्या मोठ्या चौकटीच्या गाड्यांत, आणि म्हणून चेतकमध्येही, क्रँक हाच इनलेटचा दरवाजा असतो. क्लचच्या बाजूची चकती केसिंगमधल्या इनलेटच्या फटीवरून फिरते आणि कापलेला भाग समोर आला की कार्बोरेटरमधून हवा-पेट्रोल आत येतं. चकती आणि केसिंगची ती वळणदार पट्टी यांच्यात ०.०५ मिलिमीटरच्या आसपासची फट असते आणि ती तेलाच्या पापुद्र्याने बंद राहते. कधी एखादं बेअरिंग फुटून त्याचा चुरा तिथून गेला असेल, तर पट्टीवर ओरखडे पडलेले दिसतील. बोटाला जाणवतील इतके खोल ओरखडे असले तर कितीही भारी ब्लॉक घाला, खालचा दाब मागे गळणारच. अशा केसिंगला उपाय रीड व्हॉल्व्हचा. एलएमएलने पुढच्या काही इंजिनांत तोच मार्ग घेतला.

बाजारात ‘रेसिंग’ म्हणून मिळणाऱ्या क्रँकची चकती जास्त कापलेली असते, म्हणजे इनलेट जास्त वेळ उघडा राहतो. वरच्या फेऱ्यांत त्याचा फायदा आहे. पण तो खूप उशिरा बंद होऊ लागला तर कमी फेऱ्यांवर आत आलेलं मिश्रण पिस्टन खाली येताना कार्बोरेटरकडे परत थुंकलं जातं. गाडी सिग्नलवर अडखळते, एअर फिल्टर पेट्रोलने ओला होतो. शहरातल्या वापराला मध्यम कापाचा क्रँक पुरे.

लाँग स्ट्रोक घ्यायचाच ठरला तर पॅकिंगचा प्रश्न येतो. ५७चा ६० झाला की पिस्टन दीड मिलिमीटर जास्त वर जातो आणि दीड मिलिमीटर जास्त खाली. वर जागा करायला दीड मिलिमीटरचं पॅकिंग ब्लॉकच्या खाली द्या किंवा हेडखाली. दोन्हींनी पिस्टन हेडला लागणं टळतं, पण इंजिनाचा स्वभाव वेगळा होतो. समजा मूळ एक्झॉस्ट १७० अंश उघडा राहतो आणि रॉड १०५ मिलिमीटरचा आहे. पॅकिंग ब्लॉकखाली दिलं तर पोर्ट वर सरकतात आणि तोच एक्झॉस्ट १७८ अंशांच्या आसपास जातो. हेडखाली दिलं तर १७२च्या जवळपास थांबतो. पहिली गाडी पळेल, दुसरी ओढेल. घाटात दोघं बसून जाणाऱ्याने हेडखालीच द्यावं. हेड कसण्याआधी पिस्टनवर सोल्डरच्या तारेचा तुकडा ठेवून इंजिन हाताने फिरवा. चेपलेल्या तारेची जाडी म्हणजे वरची मोकळी जागा. ती १.२ ते १.५ मिलिमीटर असावी.

ब्लॉकच्या धातूबद्दल थोडक्यात. अॅल्युमिनियम उष्णता लवकर सोडतो, पण त्याच्या आतल्या निकेल आणि सिलिकॉन कार्बाइडच्या थराला बोअर करता येत नाही. पिस्टनने धरलं आणि थर खरवडला गेला तर पुन्हा लेप द्यायचा किंवा ब्लॉक टाकायचा. लोखंडी ब्लॉक जास्त तापतो, पण कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्यातल्या कुठल्याही बोअरिंगवाल्याकडे ओव्हरसाइज पिस्टन घालून पुन्हा उभा राहतो. रोजच्या गाडीला मी लोखंडीच घेईन. आणि ब्लॉक मागवण्याआधी जुना काढून केसिंगचं तोंड बघा: ट्रान्सफर दोन आहेत की तीन? दोनच्या केसिंगवर तीनचा ब्लॉक बसवला तर तिसरा पोर्ट खालून बंदच राहतो.

मेन जेट मोठा लागेल, इग्निशन जरा मागे घ्यावं लागेल, क्लचचं पिनियन एक-दोन दात वाढवलं तर नव्या ताकदीचा उपयोग होईल. क्लचच्या स्प्रिंगा तेव्हाच बदला.

आणि कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीत लिहिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करायला मनाई करतं, आणि इंजिनाची क्षमता आरसीवर लिहिलेली असते. ओव्हरसाइज पिस्टन ही दुरुस्ती; १४५चे १७७ करणं हा बदल. विम्याच्या दाव्याच्या वेळी हा फरक अंगावर येऊ शकतो, तेव्हा खासगी ट्रॅकवरची गाडी आणि रस्त्यावरची गाडी यांचा निर्णय वेगवेगळा घ्या.

एक्झॉस्ट १७२ अंशांवर नेला की मूळ सायलेन्सर त्याला साथ देतो का, हे पुढच्या भागात.