मैदानामागचे फुटबॉल : लेखांक 7 – दार उघडे असताना थांबलेला तोत्ती

मागच्या लेखांकात आपण खेळाडूंच्या खरेदी-विक्रीचा हिशेब पाहिला. आज त्या बाजारात कधीच न विकल्या गेलेल्या एका खेळाडूविषयी.

सारी कारकीर्द एकाच क्लबात काढणारे पूर्वी पुष्कळ होते. पण त्यात निष्ठा किती आणि नाइलाज किती? इंग्लंडच्या टॉम फिनीला 1952 मध्ये इटलीच्या पालेर्मोने भरभक्कम रक्कम देऊ केली. प्रेस्टन नॉर्थ एंडच्या अध्यक्षांनी नाही म्हटले आणि विषय तिथेच मिटला. करार संपला तरी खेळाडूची नोंदणी क्लबच्या मुठीत राहत असे. ईस्टहॅम खटल्याने 1963 मध्ये इंग्लंडमधली ही मूठ सैल केली. पुढे 15 डिसेंबर 1995 रोजी बोसमन निकाल आला. करार संपलेला खेळाडू युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात आता शुल्काविना जाऊ शकत होता.

फ्रान्चेस्को तोत्तीची उमेदीची वर्षे याच नव्या काळातली. रोममध्ये जन्मलेला हा मुलगा 28 मार्च 1993 रोजी, सोळाव्या वर्षी, ब्रेशाविरुद्ध रोमा क्लबकडून प्रथम खेळला. 1996–97 च्या हंगामात प्रशिक्षक कार्लोस बियांकी त्याला साम्पदोरियाकडे उसना द्यायला निघाले होते. तो राहिला, बियांकींनाच हंगाम संपण्याआधी जावे लागले. 1998 मध्ये, 22व्या वर्षी, तो कर्णधार झाला. 17 जून 2001 रोजी पार्माला 3–1 असे हरवून रोमाने इटालियन लीग जिंकली, तेव्हा पहिला गोल त्याचाच होता.

यानंतर रेयाल माद्रिदने त्याला बोलावले. तो गेला नाही. या निर्णयाची किंमत आकड्यांत दिसते. 25 हंगाम, 786 सामने, 307 गोल. आणि क्लबसाठी लीगचे विजेतेपद एकच, सोबत दोन इटालियन कप आणि दोन सुपर कप. युरोपचा चषक नाहीच. पाओलो माल्दिनीही मिलान या एकाच क्लबकडून 902 सामने खेळला, पण त्याला तिथे पाच युरोपीय विजेतेपदे मिळाली. मिलानमध्ये राहणे फायद्याचेही होते. रोमात राहण्यासाठी पदरमोड करावी लागली.

एकाच जागी टिकायचे तर खेळ बदलत राहावा लागतो. 2005–06 मध्ये प्रशिक्षक लुचानो स्पालेत्तींनी तोत्तीला सर्वांत पुढे खेळवले, पण तिथून मागे सरकून चेंडू घेण्याची मोकळीक दिली. फेब्रुवारी 2006 मध्ये त्याचा पाय मोडला. जुलैमध्ये तो इटलीच्या विश्वविजेत्या संघात होता. पुढच्या हंगामात लीगमध्ये 26 गोल करून त्याने युरोपचा ‘गोल्डन शू’ पटकावला.

शेवटची वर्षे कठीण गेली. मधल्या काळात क्लब सोडून गेलेले स्पालेत्ती परतले होते आणि तोत्ती बहुधा राखीव बाकावर असे. तरी एप्रिल 2016 मध्ये तोरिनोविरुद्ध अखेरच्या काही मिनिटांत उतरून त्याने दोन गोल केले आणि सामना 3–2 असा फिरवला. 28 मे 2017 रोजी जेनोआविरुद्ध तो शेवटचा खेळला.

निष्ठा जोखायची तर दोन गोष्टी पाहाव्यात असे मला वाटते: जायची मुभा होती का, आणि राहून काही गमावले का. तोत्ती या दोन्ही कसोट्यांवर उतरतो, म्हणून मी त्याला फिनी आणि माल्दिनी यांच्याही पुढे ठेवतो.

पुढच्या लेखांकात : क्लबच्या अकादमीत मुले कशी घडतात?