जिन्याखालच्या सायकली

नवरात्र सरून दिवाळीची आवराआवर सुरू झाली, की पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि शनिवार या पेठांतील उरल्यासुरल्या वाड्यांच्या दिंडीदरवाजांशी भंगारवाल्यांच्या हातगाड्या उभ्या राहू लागतात. आणि त्या गाड्यांवर पत्र्याचे डबे, पितळी नळांची तोंडे, पाय मोडलेल्या खुर्च्या व रद्दीचे गठ्ठे यांच्याखाली कधी कधी एखादी सायकल आडवी पडलेली दिसते. गेली एकवीस वर्षे या दिवसांत मी त्या गल्ल्यांतून सकाळची एक फेरी नेमाने घालीत आलो आहे. जुन्या विलायती सायकली अल्प किमतीत कोठे व कशा मिळतात, असे विचारणारी तरुण मंडळी अलीकडे वाढली आहेत, आणि त्यांना तुटकतुटक उत्तरे देण्यापेक्षा या विषयाचा एकदा सविस्तर आढावा घ्यावा, या हेतूने हा लेख लिहीत आहे.

जुनी सायकल स्वस्त मिळते ती घासाघिशीच्या कौशल्याने मिळते, असा सर्वसाधारण समज आहे आणि तो माझ्या मते चुकीचा आहे. प्रत्येक वस्तूच्या आयुष्यात तिचा उपयोग संपल्यानंतर आणि तिला पुरातन म्हणून मान मिळण्यापूर्वी एक मधला काळ जातो. त्या काळात तिची किंमत केवळ तिच्या वजनाची असते. जुन्या धाटणीची इंग्रजी सायकल अदमासे वीस किलो भरते, आणि ज्या घरात ती तीस वर्षे जिन्याखाली उभी आहे, त्या घरातील माणसांच्या लेखी ती वीस किलो लोखंडच असते. याच अवधीत ती हाती लागली तर लागली. पुढे ती एक तर वितळते, नाहीतर एखाद्या उपाहारगृहाच्या भिंतीवर शोभेला टांगली जाते, आणि दोन्ही परी चालविणाऱ्याला मुकते. पेठांतील वाडे आता वर्षागणिक पाडले जात असल्यामुळे हा मधला काळ आपल्या डोळ्यांदेखत संपत चालला आहे, आणि म्हणूनच या शोधात मला एक प्रकारची निकड वाटते.

या सायकली आल्या कोठून, हे जाणल्याखेरीज त्या ओळखता येत नाहीत. नॉटिंगहॅम येथील रॅले मार्गावरच्या एका छोट्या दुकानाचा व्यवसाय १८८७ मध्ये फ्रँक बोडेन या गृहस्थाने ताब्यात घेतला, आणि त्यातून रॅले हा अवाढव्य कारखाना उभा राहिला. बर्मिंगहॅमची बी.एस.ए. ही मूळची बंदुका करणाऱ्यांची, १८६१ साली स्थापन झालेली कंपनी. तिच्या मुद्रेवरील एकमेकींना टेकून उभ्या केलेल्या तीन बंदुका हे त्याच पूर्वायुष्याचे चिन्ह होय. हंबर, रज्-व्हिटवर्थ, हर्क्युलस, फिलिप्स, सनबीम ही नावे आमच्या आजोबांच्या पिढीत घरच्या माणसांसारखी उच्चारली जात. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूर येथे टी.आय. सायकल्स, आसनसोल येथे सेन-रॅले, सोनीपत येथे अ‍ॅटलस आणि लुधियान्यास हीरो असे कारखाने निघाले, मुंबईत वरळीला हिंद सायकल तयार होत असेच, आणि विलायती मालाची आवक हळूहळू आटत गेली. यांपैकी काही कारखाने तीच विलायती नावे लावीत, तेव्हा एखाद्या सायकलीवर हर्क्युलस हे नाव आहे एवढ्यावरून ती बर्मिंगहॅमची आहे असे मानून चालत नाही. खुद्द इंग्लंडातही नावांची अशीच सरमिसळ झालेली आहे. रॅलेने १९३२ मध्ये हंबर, १९४३ मध्ये रज् आणि १९५७ मध्ये बी.एस.ए.च्या सायकली आपल्या कब्जात घेतल्या. १९६० मध्ये तर हर्क्युलस आणि फिलिप्सही त्याच छत्राखाली आल्या. त्यामुळे अमुक सालानंतरची हंबर ही हंबरच्या वेषातली रॅलेच असते, आणि ज्याला जुनी, स्वतंत्र घराण्याची सायकल हवी आहे त्याने ही सालवारी मुखोद्गत ठेवावी हे बरे.

ओळखण्याची सुरुवात नावाच्या पट्टीपासून करू नये, कारण पट्टी आणि रंग या दोन्ही गोष्टी कोणत्याही रंगाऱ्याला दोन दिवसांत बदलता येतात. दृष्टी प्रथम पायडलांपाशी, चेनव्हीलकडे न्यावी. जुन्या कारागिरांनी आपले कुलचिन्ह तेथे पोलादातच कोरून ठेवले आहे: रॅलेच्या चेनव्हीलमध्ये बगळ्यांच्या आकृती, रज्-च्या चेनव्हीलमध्ये उघडा पंजा, हंबरच्या चेनव्हीलमध्ये फेर धरून धावणारी पाच माणसे, आणि बी.एस.ए.च्या चेनव्हीलमध्ये ती तीन अक्षरेच. तेथून नजर पुढच्या चिमट्याकडे वळवावी. हंबरच्या चिमट्याची प्रत्येक बाजू दोन बारीक नळ्यांची असते, आणि ती खूण तर हातगाडीवरच्या ढिगातूनही वीस पावलांवरून ओळखू येते. नंतर नटबोल्ट पाहावेत. रॅलेच्या कारखान्यात बोल्टांच्या माथ्यावरही आर.आय. ही अक्षरे उठवीत असत, आणि ती जागच्या जागी असतील तर ती सायकल फारशी उलगडली गेलेली नाही, असे समजण्यास हरकत नाही. चामड्याचे सीट असेल, त्याच्या बगलेवर ब्रुक्सचे नाव उमटलेले असेल आणि पितळी वा तांब्याचे रिव्हेट शाबूत असतील, तर ते सुकून ताठ झालेले असले तरी टाकू नये. पडलेल्या भेगा आरपार गेल्या नसतील तर ते सावकाश तेल पिते आणि पुन्हा माणसाला पेलते.

पण या साऱ्यांत मला सर्वाधिक आनंद देणारी जागा मागच्या चाकाच्या तुंब्यावर असते. स्टर्मी-आर्चर या कंपनीचा तीन गतींचा तुंबा १९०२ पासून प्रचारात आहे, आणि १९३६ साली निघालेला त्याचा ए.डब्ल्यू. हा प्रकार तर इतका टिकाऊ ठरला की, साठ-सत्तर वर्षांनंतरही तो उघडून, धुऊन, तेल सोडून पुन्हा बसविला की नव्यासारखा टिकटिकू लागतो. त्या तुंब्याच्या अंगावर निर्मितीचे वर्ष, आणि पुढेपुढे महिनाही, आकड्यांनी ठोकलेला असतो. दहा वर्षांपूर्वी रास्ता पेठेतील एका पडवीत अशाच एका सायकलीपाशी मी गुडघे टेकून बसलो होतो. तुंब्यावर वंगण आणि धूळ यांचा बोटभर काळा थर जमला होता. रॉकेलमध्ये भिजविलेली चिंधी फिरवीत गेलो तसा प्रथम पोलादाचा एक निळसर पट्टा उघडा पडला, मग स्टर्मी हे अक्षरांचे अर्धवर्तुळ, आणि शेवटी, नखाने उरलेला थर काढल्यावर, ५२ हा आकडा. १९५२! ज्या माणसाने ती सायकल वापरली त्याचे नाव घरातील कोणालाही नीट सांगता येत नव्हते, परंतु तिचे जन्मसाल मात्र त्या दोन आकड्यांनी साठेक वर्षे सांभाळून ठेवले होते.

याच संदर्भात एक गोष्ट आवर्जून नमूद करावीशी वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात क्रोम धातूची टंचाई असल्यामुळे इंग्लंडातील कारखान्यांनी हँडल, रिम, क्रँक वगैरे चकचकीत भाग काळ्या रंगातच काढले. अशी काळीठिक्कर सायकल बाजारात आली की विकणारा तिला कमअस्सल समजून सर्वांत कमी भाव सांगतो आणि घेणाराही तोंड फिरवितो. वस्तुतः ती युद्धकाळाची प्रत्यक्ष साक्ष असते आणि तिला तसेच काळे ठेवणे हेच तिच्याशी प्रामाणिकपणाचे वर्तन ठरते.

पुण्यातील जुना बाजार, म्हणजे मंगळवार पेठेत दर रविवारी आणि बुधवारी रस्त्याच्या कडेला भरणारा बाजार, हे या शोधाचे सर्वांत प्रसिद्ध क्षेत्र. तथापि तेथे अखंड सायकल क्वचितच मिळते. मिळतात ते अवयव. एका चादरीवर डायनामो, दुसऱ्या चादरीवर ल्यूकसच्या दिव्याची नुसती काच, तिसरीवर रॉडब्रेकच्या सळया, असे एकाच सायकलीचे देह-विभाजन तेथे पाहावयास मिळते, आणि जो आठवड्यामागून आठवडे जाईल त्याला ते अवयव पुन्हा एकत्र आणण्याची संधी लाभते. सकाळी नऊच्या आत जावे. मुंबईस मटण स्ट्रीटच्या चोर बाजाराविषयीही मी हेच म्हणेन. फक्त तेथील व्यापारी मालाची किंमत जाणतो, त्यामुळे अडगळीच्या भावाची आशा तेथे धरू नये.

जुळविलेल्या सायकलीचा धोका मला स्वतःला एकदा भोवला आहे. एका दुकानात काळीभोर, सोनेरी रेघा ओढलेली रॅले मी आठ हजारांस घेतली, आणि घरी आणून उलगडली तेव्हा सांगाडा एका कारखान्याचा, चिमटा दुसऱ्याचा आणि चाके लुधियान्याची निघाली. क्रँकच्या जागी बसवावयाच्या कपाचे आटे हा भेद उघड करतात: रॅलेचे आटे इंचाला सव्वीस, इतरांचे चोवीस, आणि एकाचा कप दुसऱ्याच्या सांगाड्यात जबरदस्तीने घुसविला की दोन्ही नासतात. माझ्या सांगाड्यात तसेच झाले होते. तेव्हापासून माझा दंडक असा, की धुळीने माखलेली पण संपूर्ण सायकल घ्यावी. नुकताच रंग दिलेली कितीही स्वस्त असो, घेऊ नये. रंगाच्या नव्या थराखाली जो मूळ थर दडपला जातो तो पैशाने परत आणता येत नाही.

परदेशात या छंदाला फार पूर्वीच संस्थेचे रूप आले आहे. इंग्लंडात जुन्या सायकलींच्या अभ्यासकांचा व्हेटरन-सायकल क्लब १९५५ पासून चालू आहे. इटलीतील तोस्काना प्रांतात गायोले या गावी १९९७ पासून एरोइका नावाची सायकलफेरी भरते, जीत १९८७ पूर्वीच्या धाटणीच्या शर्यती सायकलींनाच स्थान आहे. त्या एका नियमाने जुन्या शर्यती सायकलींना जगभर मागणी आली आणि त्या स्वस्त राहिल्या नाहीत. आपल्याकडे कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी उभारलेले सायकल संग्रहालय मात्र प्रत्येक नवशिक्याने खरेदीपूर्वी पाहावे, कारण अस्सल अवयव डोळ्यांत भरलेले असले की बाजारात नजर आपोआप तयार होते.

भावाविषयी माझा अनुभव असा, की घरमालकाला वस्तू काय आहे ते स्पष्ट सांगूनही ती बहुधा माफक किमतीतच मिळते. कारण त्याला पैशापेक्षा जागा मोकळी हवी असते, आणि त्याहूनही ती कोणी चालवील याचे समाधान हवे असते. व्यवहार तोंडी करू नये. साध्या कागदावर सांगाड्याचा क्रमांक, रक्कम आणि उभयतांच्या सह्या असलेली पावती घ्यावी, म्हणजे चोरीच्या मुद्देमालाचा संशय पुढे उद्भवत नाही. पूर्वी नगरपालिका सायकलींवर वार्षिक कर घेत आणि तो भरल्याचा धातूचा बिल्ला देत असत. असा बिल्ला अजून अडकविलेला असेल तर तो काढू नये, कारण त्या सायकलीचे एवढेच काय ते सरकारी दप्तर आपल्या हाती उरलेले असते.

दुरुस्तीचा खर्च समजतो तितका नसतो. अठ्ठावीस-दीडचा टायर आजही कोणत्याही तालुक्याच्या गावी मिळतो, छरे आणि कॉटर तर किरकोळ दुकानातही. क्रँक धरून ठेवणारी गंजलेली कॉटर घाईने हातोड्याने ठोकू नये. चार दिवस रॉकेल सोडीत राहावे आणि पाचव्या दिवशी खाली लाकडाचा ठोकळा देऊन एकच नेमका घाव घालावा. हे मला ज्यांनी शिकविले ते नाना पेठेतील वृद्ध मिस्त्री आता हयात नाहीत, पण त्यांच्या हातचा तो एक घाव मला अजून ऐकू येतो.

गेल्या वर्षी नारायण पेठेतील एका वाड्यात, जो फाल्गुनात पाडावयाचा होता, जिन्याखाली एक रज् उभी असल्याचे कळले. घरच्या आजींचे यजमान तीच घेऊन खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस वर्षे कामाला जात. चेनव्हीलवरचा पंजा मी त्यांना बोट ठेवून दाखविला, हिची खरी किंमत याहून पुष्कळ आहे हेही सांगितले.

"अहो, भंगारवाला पाचशे म्हणत होता," त्या म्हणाल्या, "तुम्ही हजार द्या, पण मोडू नका म्हणजे झालं. आणि घंटा तेवढी मला ठेवा. ते आले की दारातून वाजवायचे."

मी तीन हजार त्यांच्या हाती ठेवले, पावती केली, आणि हँडलवरची ल्यूकसची घंटा स्क्रू सैल करून त्यांच्या ओंजळीत दिली. रज् आता दुरुस्त होऊन रोज रस्त्यावर असते. हँडलवर घंटेच्या पट्टीखालचा भाग तेवढा अजून उजळ आहे, आणि तेथे बसेल अशी त्याच काळची घंटा मी जुन्या बाजारात दर बुधवारी शोधीत आहे.