दोन खेळयंत्रांचा वाद

सन २०२० च्या नोव्हेंबर महिन्यांत पडद्यावर खेळ खेळावयाचीं दोन नवीं यंत्रें बाजारांत आलीं. एक मायक्रोसॉफ्टचें एक्सबॉक्स सीरीज एक्स व दुसरें सोनीचें प्लेस्टेशन ५. तबकडी चालविणाऱ्या दोन्ही यंत्रांची किंमत त्या वेळीं अमेरिकेंत सारखीच, ४९९ डॉलर होती. तेव्हां श्रेष्ठ कोणतें, असा वाद मुलांमध्यें माजला.

एक पक्ष म्हणे, चित्रें रेखाटतांना एक्सबॉक्स सेकंदास सुमारें १२ लक्ष कोटि गणितें करितें. प्लेस्टेशन १० लक्ष कोटींच्या किंचित् वर. दुसरा पक्ष उत्तर देई, प्लेस्टेशन आपल्या सांठ्यांतून सेकंदास ५.५ गिगाबाइट माहिती वाचतें, एक्सबॉक्स २.४, म्हणून त्यांत खेळ त्वरित सुरू होतो. आंकडे दोन्हीं पक्षांचे खरे. परंतु दोन्ही यंत्रांचा मेंदू एएमडी या एकाच कंपनीच्या रचनेचा आहे, हें कोणी ध्यानांत घेईना.

पूर्वींचें उदाहरण पाहा. सन २००६ मध्यें आलेलें निंटेंडोचें वी हें यंत्र प्लेस्टेशन ३ हून फारच दुर्बळ होतें. तरी तें १० कोटींहून अधिक खपलें व त्याच्या पुढें गेलें. हातांतील दांडी हालवून तें आजोबांसही खेळतां येई, हेंच त्याचें बळ!

यास्तव विद्यार्थ्यांनीं आधीं आपणांस हवे ते खेळ कोणत्या यंत्रावर मिळतात, हें पाहावें. पालकांनीं खेळांचा निराळा खर्च हिशेबांत धरावा. तबकडी मित्रास उसनी देतां येते. तबकडीविना यंत्रांत ती सोय नाहीं. आंकड्यांनीं वाद जिंकतां येतो, आनंद मिळतोच असें नाहीं.